लिनक्स सर्व्हर एकट्याने सांभाळणाऱ्याने कोणती कमी परिचित साधनं शिकावीत?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात एका कारखान्याचे तीन उबुंटू सर्व्हर तुम्ही एकटे बघता, टॉप (मशीनवर आत्ता काय चाललंय), डीएफ (डिस्कची मोकळी जागा), ग्रेप (फाइलीत शोध) वापरता येतं, आता सहसा कुणी सांगत नाही अशी कोणती साधनं शिकावीत?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हेच काम करतो. आपली खरी अडचण ही, की बिघाड होतो तेव्हा आपण तिथे नसतो. तीन ठिकाणं, माणूस एक. आपण पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. म्हणून आपल्या माघारी काय घडलं ते टिपून ठेवणारी साधनं मी सगळ्यात आधी घेईन.

त्यात पहिलं एटॉप. एका टॉवेल कारखान्यात रात्रपाळीचा सुपरवायझर दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा, "सर, रात्री पावणेदोनला बारकोड लई अडकत होतं ओ." मी नऊला जाऊन टॉप लावायचो, तर मशीन शांत. तीन खेपा झाल्या. कुणी उन्हाळ्याला दोष दिला, कुणी विजेला. शेवटी एटॉप बसवलं. ते दिसायला टॉपसारखंच, पण मागे एक सेवा चालू ठेवतं आणि उबुंटूवर आपण काही न बदलता दर दहा मिनिटांनी मशीनची सगळी स्थिती फाइलमध्ये लिहितं. पुढच्या वेळी सकाळी रात्रीची फाइल उघडली. त्यासाठी एटॉपला वजा आर (-r) आणि फाइलचं नाव द्यायचं. फाइली /var/log/atop या फोल्डरात असतात. मग छोटा टी दाबला की पुढची नोंद, मोठा टी दाबला की मागची, आणि बी दाबून हवी ती वेळ. पावणेदोनच्या आसपास डिस्कची ओळ लाल झाली होती. डी दाबल्यावर कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) किती वाचते-लिहिते ते दिसलं. डेटाबेसचा बॅकअप आणि सीसीटीव्हीच्या फाइलींची नक्कल, दोन्ही क्रॉन कामं (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) एकाच डिस्कवर एकाच वेळी चालत होती. एक काम चारला ढकललं. त्यानंतर तो फोन आला नाही.

एटॉपचा आणखी एक गुण टॉपमध्ये नाही. दोन नोंदींच्या मधल्या वेळात सुरू होऊन संपलेल्या प्रोसेसचाही हिशेब ते देऊ शकतं. त्यासाठी प्रोसेस अकाउंटिंग, म्हणजे संपलेल्या प्रोसेसची नोंद ठेवणारी सोय, चालू हवं, ते एकदा तपासून घ्या. आणि बसवण्याआधीचं ते काहीच सांगू शकत नाही. म्हणून नवा सर्व्हर हातात आला की पहिल्या दिवशीच टाका. जुन्या फाइली साधारण 28 दिवस राहतात. डिस्क लहान असेल तर दिवस कमी करा.

इथेच एक खाचखळगा सांगतो, कारण त्यात माझा अख्खा दिवस गेला होता. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडचं रात्रीचं 1:45 म्हणजे तिथे आदल्या दिवसाचं 20:15. तुम्ही आजची फाइल चाळत बसता आणि उत्तर कालच्या फाइलमध्ये असतं.

दुसरं एटकीपर (etckeeper). एटसी (/etc) फोल्डरातल्या सगळ्या सेटिंग फाइली ते गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवतं. एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) काही बसवलं किंवा काढलं की त्याच्या आधी आणि नंतर आपोआप नोंद करतं, शिवाय रोज एकदा. नुसतं गिट वापरलं तर फाइलींचे मालक आणि परवानग्या नीट राहत नाहीत; एटकीपर त्याही जपतं. बाहेरचा सॉफ्टवेअरवाला येऊन सेटिंग बदलून जातो आणि "मी काही हात लावला नाही" म्हणतो, तेव्हा भांडण न करता फरक दाखवता येतो. मला याचा सर्वांत जास्त उपयोग मात्र माझेच बदल शोधायला झाला. या संग्रहात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) आणि खासगी किल्ल्याही (गुप्त की फाइली) जातात. त्यामुळे तो कुठल्याही उघड्या ठिकाणी ढकलू नका.

डिस्क भरली की एनसीडीयू (ncdu). बाणांच्या कळांनी फोल्डरात शिरत जागा कुणी खाल्ली ते बघता येतं, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वजा ओ (-o) देऊन ती सगळी मोजणी फाइलमध्ये ठेवता येते आणि वजा एफने (-f) नंतर, दुसऱ्या मशीनवरही, उघडता येते. मी दर रविवारी एक मोजणी ठेवतो. दोन रविवार शेजारी उघडले की कोणतं फोल्डर फुगलं ते कळतं. मोठी लॉग फाइल उडवूनही डीएफ जागा मोकळी दाखवत नसेल, तर एखाद्या चालू प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते. लिनक्समध्ये फाइल काढली की फक्त तिचं नाव जातं, शेवटच्या प्रोसेसने सोडेपर्यंत जागा सुटत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला अधिक एल एक (lsof +L1) दिलं की अशा बिननावाच्या फाइली आणि त्या धरणारी प्रोसेस दिसते. ती सेवा रीस्टार्ट करा.

मोअरयूटिल्स (moreutils) या पॅकेजातली दोन छोटी हत्यारं क्रॉनसाठी घ्या. टीएस (ts) प्रत्येक ओळीपुढे वेळ लावतं. क्रॉनिक (chronic) हे कमांडचं बोलणं दाबून ठेवतं आणि ती फसली तरच दाखवतं, त्यामुळे क्रॉनची मेल आली की खरंच काही बिघडलंय हे कळतं.

आणि प्रवासासाठी मॉश (mosh). हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना कुर्डुवाडीच्या पुढे रेंज येते-जाते आणि एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं नेहमीचं साधन) लटकतं. मॉश लॉगिन एसएसएचनेच करतं, पुढचं बोलणं यूडीपीवर (कायमची जोडणी न लागणाऱ्या पद्धतीवर), म्हणून नेटवर्क बदललं किंवा तासभर तुटलं तरी सत्र तसंच राहतं. मागची ओळ वर सरकवून बघता येत नाही, म्हणून आत टीमक्स (tmux, मागचा मजकूर जपणारं टर्मिनल साधन) लावा. फायरवॉलमध्ये यूडीपीचे 60000 ते 61000 हे पोर्ट उघडावे लागतात. तेवढे सगळे नको असतील, तर सुरू करताना मॉशला एकच पोर्ट सांगता येतो. मी प्रत्येक सर्व्हरवर दहाच पोर्ट उघडे ठेवले आहेत आणि ते पुरतात.