करंगळी दुखतेय, एडिटर बदलू का?

प्रश्न : मी ऐरोलीला प्रोग्रामर आहे, कॉलेजपासून कोड लिहायला ईमॅक्स हा एडिटर वापरतोय. हल्ली डाव्या हाताची करंगळी आणि मनगट जाम दुखतं. टीममधले म्हणतात विम हा दुसरा एडिटर घे, सगळं बरं होईल. खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी हात डॉक्टरांना दाखवा, एडिटरचं नंतर बघू. मला काही वर्षांपूर्वी कार्पल टनल झालेलं, मनगटात मीडियन नर्व्ह दाबली जाते ते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने उभ्याने जाताना वरची कडी धरली की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, रात्री तर मुंग्यांनी जागच यायची, हात झटकला की जरा बरं. रात्री स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ ठेवणारी पट्टी, लावून झोपायला लागलो आणि मला उतार पडला. पण तुमची करंगळी दुखतेय, तिची नर्व्ह वेगळी, ती कोपरामागून येते, म्हणून माझं बघून स्प्लिंट आणू नका.

आता एडिटर. ईमॅक्समध्ये सारखं कंट्रोल दाबावं लागतं आणि आपल्या कीबोर्डवर ते पार कोपऱ्यात, करंगळीच्या वाट्याला. या दुखण्याला लोक ईमॅक्स पिंकीच म्हणतात, पिंकी म्हणजे करंगळी. पण ईमॅक्सच्या सुरुवातीच्या काळातल्या लिस्प मशीन नावाच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला लागूनच असायचं, अंगठ्याने दाबता यायचं. विमचंही तेच आहे बरं का, त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने 1976 च्या सुमारास लिहायला घेतला, त्याच्या एडीएम-3ए टर्मिनलच्या (कॉम्प्युटरला जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड) कीबोर्डवर एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, आता ते वर टोकाला गेलंय आणि विममध्ये दर दोन मिनिटांनी तेच लागतं. म्हणजे दोन्ही एडिटर चांगलेच आहेत, बटणं हलली आणि भुर्दंड करंगळीला.

म्हणून एडिटर राहू दे, आधी बटण हलवा. कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका, सेटिंगमधून होतं. त्यानेही ताण वाटला तर स्टिकी कीज चालू करा, मग कंट्रोल दाबून धरायला नको, आधी ते आणि मग दुसरं बटण असं एकेक दाबलं तरी चालतं. आणि विमची पद्धत आवडत असेलच तर ईमॅक्समध्येच विमसारखी बटणं चालवणारा ईव्हिल मोड आहे, तुमची सगळी सेटिंग तशीच राहते. फक्त हे सगळे बदल दुखणं उतरल्यावर करा हो, नवीन शिकताना माणूस चुकतो, खोडतो, परत टाइप करतो, आणि तेवढं जास्तीचं टायपिंग आत्ता त्या हाताला झेपणार नाही.