वाइंडिंग तोडू नका, आधी चुंबक बघा

‘साफ करून जोडल्यावर मोटर पूर्वीपेक्षा जोरात पळते, पण पात्याला बोट लागलं की थांबते आणि दोन मिनिटांत चटका बसण्याइतकी तापते.’ तुमच्या जुन्या छोट्या पंख्याच्या मोटरीबद्दलच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचून पोटात कालवलं. काही वर्षांपूर्वी मीही लोकांना हेच विचारत फिरत होतो. तुम्हाला वर दोघांनी ‘वाइंडिंग गेलंय, भरून घ्या’, म्हणजे तारेचे वेढे नव्याने गुंडाळून घ्या, असं सांगितलंय. मलाही तेच सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि तिथेच फसलो.

ब्रश, बुश, तेल वगैरे तुम्ही केलेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही. फोटोत नालाकृती चुंबक आहे आणि तुम्ही लिहिलंय की आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, आठ दिवस वेगळं डबीत ठेवलं होतं. आठ दिवस काय, ते बाहेर ओढतानाचे दोन सेकंदही पुरतात. आर्मेचरचं लोखंड चुंबकाच्या दोन टोकांमधला पूल असतो. तो काढला की चुंबक स्वतःच्याच क्षेत्राने काही अंशी उतरतो, आणि आर्मेचर परत बसवलं तरी गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून आर्मेचर सरकवत असतानाच दोन्ही टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी, म्हणजे कीपर, टेकवायची असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मोटर जोरात का पळते? फिरणारं आर्मेचर उलट व्होल्टेज तयार करतं आणि तेच करंटला आवर घालतं. चुंबक मंदावला की तेवढं उलट व्होल्टेज यायला आर्मेचरला जास्त वेगाने फिरावं लागतं. रिकामी असेल तर ती सुसाट सुटते. भार आला की जोर कमी पडतो, करंट वाढतो, तार तापते. या लक्षणाचा आणि जळलेल्या वाइंडिंगचा गोंधळ भलेभले करतात.

माझी मोटर चार पितळी पात्यांच्या चिमुकल्या पंख्याची होती. आर्मेचरवर हिरव्या रेशमी वेष्टणाची तार, एकही फेरा न सुटलेला. ती मी मोटरी भरणाऱ्या एका दुकानात नेली. पंपांच्या मोटरी भरण्यात त्यांचा हात बसलेला आहे, पण तार गुंडाळायचे तीनच दात असलेलं खेळण्यातलं आर्मेचर त्यांच्या लेखी दहा मिनिटांचं काम. न मोजता, न विचारता कटरने तार कापली. जुनी तार मागितली तर ‘भंगारात गेली’. लाल इनॅमल तार भरून दिली, तीही जाड. पुढे मी ती उकलून मोजली तेव्हा तीन दातांवर ३८, ४१ आणि ३५ फेरे निघाले! मोटर थरथरणारच. आणि मूळ दोष चुंबकात असल्याने ती तापायची ती तापतच राहिली. चुंबक नंतर भरून, म्हणजे त्याची ताकद परत आणून, मिळाला, रेशमी तार मात्र गेली ती गेलीच. दुकानाचं नाव विचारू नका. चूक निम्मी माझी, मी कागदावर एक ओळ लिहून द्यायला हवी होती.

चुंबक भरून घ्यायचा असेल तर जुने मॅग्नेटो (इंजिनात ठिणगीसाठी वीज बनवणारी चुंबकी यंत्रं) दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याचं यंत्र असतं. मोटर पूर्ण जोडलेल्या अवस्थेतच न्या, नाहीतर घरी येऊन जोडताना पुन्हा तेच. आधी होकायंत्राने कोणतं टोक उत्तर ते बघून खूण करा. उलटा भरला गेला तर मोटर उलटी फिरते आणि पंखा वारा मागे टाकतो. निओडिमियमचा चुंबक घासून जुन्या पोलादी चुंबकात थोडी धुगधुगी येते. अल्निकोवर, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टवाल्या चुंबकावर, मला त्याचा उपयोग झाला नाही. अल्निको हा प्रकार जपानी संशोधक मिशिमा यांच्या १९३१ च्या मिश्रधातूपासून पुढे आला, त्यामुळे त्याआधीच्या मोटरीत तो नसणार. काळ्या फेराइट चुंबकाच्या मोटरींना ही भीती जवळजवळ नाही. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची बँक एकदम सोडून घरी चुंबक भरण्याचे प्रयोग काही जण करतात. मी करत नाही आणि सुचवणारही नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

तुमच्याकडच्या दुसऱ्या मोटरीत चुंबक आहे की फील्ड कॉइल (चुंबकाच्या जागी तारेचं वेटोळं), अशी शंका असेल तर बॅटरीच्या तारा उलटून बघा. दिशा बदलली तर कायम चुंबक. तशीच फिरत राहिली तर फील्ड कॉइल, ती बिनधास्त खोला.

जाता जाता, तुमच्याकडचा तो मेन्सवरचा, म्हणजे घरच्या विजेवरचा, टेबल पंखा थेट प्लगमध्ये घालू नका. पाटीवर किती व्होल्ट आणि किती सायकल (हर्ट्झ) लिहिलंय ते बघा. ६० सायकलचा पंखा त्याच व्होल्टेजला ५० वर चालवला की लोखंडात फ्लक्स, म्हणजे चुंबकी प्रवाह, वाढतो आणि तो जास्त तापतो. पहिल्यांदा सिरीजमध्ये फिलामेंटचा दिवा लावूनच चालवा. कापडी वेष्टणाची कॉर्ड वाकवल्यावर भुगा पडत असेल तर ती बदला, ‘मूळ आहे’ म्हणून जपू नका. पितळ आरशासारखं घासण्याच्या मी विरोधात आहे, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा पॉलिश पेपर मारू नका.

आता तुमच्या मोटरीचं. ब्रश उचलून कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या भागाच्या, तीन पट्ट्यांमध्ये मल्टीमीटरने १–२, २–३, ३–१ असा रोध मोजा. मग प्रत्येक पट्टी आणि शाफ्ट यांच्यामध्ये मोजा, तिथे मीटरने जोड दाखवायला नको, शून्य आकडाही नको. तिन्ही आकडे साधारण सारखे असतील तर वाइंडिंग शाबूत आहे. रोध इतका कमी असतो की आधी मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. ते तीन आकडे इथे टाका, तोवर मोटर कोणाच्या हातात देऊ नका.