लिंकचे पाच हजार घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. मी फोंड्याचा, गोव्यातली देवळं, जत्रा आणि खाणं यावर चार वर्षं मराठीतून वेबसाइट चालवतोय. चवथीच्या आधी एका एजन्सीचा मेल आला, तुमच्या मंगेशीवरच्या जुन्या लेखात आमच्या क्लायंटची लिंक घाला, ५,००० रुपये देतो, पण जाहिरात आहे असं कुठंच दाखवायचं नाही. मित्र म्हणतो घे रे, सगळेच घेतात. बायको म्हणते गूगल साइट उडवेल. आणि सावईवेऱ्याचा एक होमस्टेवाला दोन रात्री फुकट राहायला बोलावतोय, बदल्यात फक्त लिंक. त्यात पैसे नाहीत, म्हणजे ते चालेल ना?

उत्तर : बायकोचं ऐका, पण घाबरू नका. जाहिरात घ्यायला गूगलची ना नाहीच, लिंकची खरेदी-विक्री हा वेबवरच्या धंद्याचा नेहमीचा भाग आहे हे त्यांच्याच नियमांत लिहिलंय. भानगड होते ती रँकिंग, म्हणजे गूगलच्या शोधातलं स्थान, वाढवायला लिंक विकली की. कारण १९९८ मध्ये पेजरँक, म्हणजे लिंकवरून पानाचं वजन ठरवायची गूगलची पद्धत, आली तेव्हापासून गूगल लिंककडे शिफारस म्हणून बघतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी म्हणालं, त्या बाईकडची हरमलची मिरची घे, तर आपण सरळ तिच्याकडे जातो, आणि मग कळलं की सांगणाऱ्यानं तिच्याकडून आधीच पन्नास रुपये घेतलेत, तर पुढच्या वेळी त्याचं ऐकाल?

म्हणून पैसे घेतलेल्या लिंकच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, 'रेल' (rel) या ॲट्रिब्यूटला 'स्पॉन्सर्ड' (sponsored) हे लेबल लावायचं, ही सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे, त्याआधीचं २००५ चं 'नोफॉलो' (nofollow) पण चालतं. मग ती लिंक शिफारशीत धरत नाहीत, वाचक मात्र क्लिक करून जाऊ शकतो. हे झालं गूगलसाठी, वाचकाला दिसेल असं 'जाहिरात' वेगळं लिहा.

होमस्टेचं पण तेच. लिंकच्या बदल्यात वस्तू किंवा सेवा घेतली तरी नियमात ती विकलेलीच लिंक. खुशाल जा, राहा, लिहा, फक्त लेबल लावा आणि फुकट राहिलो हे सांगून टाका.

नाही लावलं तर? बऱ्याचदा गूगल अशा लिंक नुसत्या मोजतच नाही, डिसेंबर २०२२ पासून हे काम स्पॅमब्रेन नावाची सिस्टीम करते. पण कधी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या पॅनेलवर, मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसानं तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस येते आणि साइट खाली जाते. तसं झालं तर लिंक काढायच्या नाहीतर लेबल लावायचं, मग फेरविचाराचा अर्ज. 'या लिंक धरू नका' असं गूगलला सांगायच्या डिसअव्हाव टूलच्या मागे लागू नका, ते बाहेरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकसाठी आहे, तुम्ही दिलेल्या लिंकसाठी नाही. आणि गूगल स्वतःलाही सोडत नाही हां, २०१२ मध्ये क्रोमच्या प्रचारात पैसे घेऊन लिहिलेल्या पोस्टमध्ये बिनलेबलाची लिंक सापडली तर त्यांनी क्रोमचंच पान निदान ६० दिवस खाली ढकललं होतं.

आता ती एजन्सी. तिला तुमचे वाचक नकोत, तुमच्या साइटचं वजन हवंय, नाहीतर लेबल लपवायला कशाला सांगितलं असतं. एक मेल टाका, 'स्पॉन्सर्ड लावून देतो, चालेल?' बहुतेक परत उत्तरच येणार नाही. आलंच तर क्लायंट कोण ते आधी विचारा, कारण असल्या मेलमागे खूपदा बेटिंगवाले असतात आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, तिथं लेबल लावूनही सुटका नाही.