अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहरात गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

मुक्काम दोन दिवसांचा आणि सोबत शाळकरी मुलं आहेत, म्हणून सांगतो: पहिल्या सकाळी प्लाझापासून, म्हणजे शहराच्या मधल्या चौकापासून, निघणारी पायी टूर नक्की घ्या. मातीच्या भिंती सगळीकडे सारख्याच दिसतात, सांगणारं कुणी नसेल तर नुसते फोटो काढून परत याल.

प्लाझालगतचा पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स, म्हणजे गव्हर्नरांचा जुना वाडा, साधारण १६१० चा, स्पॅनिशांनी बांधलेला. १६८० मध्ये इथल्या मूलनिवासी प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकललं आणि पुढची बारा वर्षं शहर स्वतःच्या ताब्यात ठेवलं. आज त्याच इमारतीच्या ओसरीत मूलनिवासी कारागीर भिंतीला टेकून बसतात, पुढ्यात कापड, त्यावर चांदी-फिरोजाचे दागिने. विकणाराच बहुधा घडवणारा असतो किंवा त्याच्या घरचा. घाई करू नका, नक्षीबद्दल विचारा.

मूलनिवासी मुलांच्या शाळांचा इतिहास मात्र मुद्दाम विचारून घ्या, कारण तो काळजाला भिडतो. १८९० ला सुरू झालेल्या सांता फे इंडियन स्कूलमध्ये या मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावत. त्याच आवारात १९३२ मध्ये कलाशिक्षिका डोरोथी डन यांनी चित्रकलेचा वर्ग काढला. पुढे नावाजलेले मूलनिवासी कलावंत पाब्लिता व्हेलार्दे, ॲलन हाउझर तिथलेच विद्यार्थी. पुढे १९६२ मध्ये तिथंच मूलनिवासी कलांची संस्था उभी राहिली. तिचं संग्रहालय प्लाझाजवळ आहे, ते चुकवू नका.

शहर सात हजार फुटांवर आहे. मुलांना पाणी पाजत राहा, पहिल्या दिवशी फार दमवू नका.