बाबांचा प्रश्न बरोबर, पण अर्धाच

तू लिहिलंयस की क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया), ऑकस (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका) असल्या देशांच्या सुरक्षा गटांबद्दल वाचायला जाम आवडतं, एमएला संरक्षण अभ्यास घ्यायचाय, पण बाबा म्हणतात हे गट आज आहेत उद्या नाहीत, त्यावर कसलं करिअर.

बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत गं. क्वाड २००७ ला सुरू झालं, लगेच थंडावलं आणि परत उभं राहिलं ते थेट २०१७ ला, मधल्या काळात कोणी फक्त 'क्वाड एक्सपर्ट' म्हणून बसला असता तर त्याचे हालच होते. पण त्याच काळात भारत-अमेरिकेचा मलबार नौदल सराव चालूच होता, २०१५ ला त्यात जपान कायमचा आला, २०२० ला ऑस्ट्रेलिया परतला. म्हणजे पाटी उतरली तरी खालचं काम थांबत नाही, आणि नोकऱ्या त्या खालच्या कामात असतात.

ऑकस बघ. ऑस्ट्रेलियाला अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या मिळणार अशी सप्टेंबर २०२१ ला घोषणा झाली, त्यामुळे फ्रान्सचा ऑस्ट्रेलियाशी झालेला पाणबुड्यांचा करार गेला, त्यांनी चिडून राजदूत परत बोलावले, टीव्हीवर एवढंच. खरी किचकट कामं नंतरची, अमेरिकेचे शस्त्रनिर्यातीचे नियम ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी सैल करायलाच २०२४ उजाडलं, शिवाय क्रूचं ट्रेनिंग, गोदीतले कुशल कामगार, अणुसुरक्षा. हे सगळं वकील, इंजिनिअर, ऑडिटवाले करतात, चर्चेत बसणारे नाही.

मला स्वतःला मलाक्का सामुद्रधुनीतली, म्हणजे मलेशिया आणि इंडोनेशियामधल्या चिंचोळ्या समुद्रातली, चाच्यांविरुद्धची गस्त जास्त शिकण्यासारखी वाटते. २००४ ला इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूरने सुरू केली, नंतर थायलंड आला, प्रत्येकाची बोट आपापल्याच हद्दीत फिरते, कारण दुसऱ्याला आत येऊ द्यायचं म्हटलं की सार्वभौमत्वाचा प्रश्न येतो, मग सगळी मदार एकमेकांना माहिती वेळेत देण्यावर. फोटो कमी, काम जास्त.

तर एमए कर, पण नुसतं नको. थिंक टँकमधल्या, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थांमधल्या, जागा मोजक्या, सुरुवातीचा पगार बेताचा. सोबत आंतरराष्ट्रीय कायदा, जपानी किंवा इंडोनेशियन भाषा, नाहीतर डेटा, यातलं एक काहीतरी पक्कं हातात ठेव.

आणि अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी एक कर, जपान-फिलिपिन्सचा जुलै २०२४ चा सैन्य-प्रवेशाचा, म्हणजे एकमेकांचं सैन्य आपल्या देशात येऊ देण्याचा, करार मुळातून वाच, पाहुण्या सैनिकाने गुन्हा केला तर खटला कुठे, शस्त्रं आत कशी आणायची, असलं सगळं रुक्ष त्यात आहे. त्यावर दोन पानं लिहून मला पाठव, बाबांनाही वाचायला दे.