मुलाच्या विशेष शिक्षण योजनेसाठी शाळेने बैठक बोलावली आहे, तयारी काय करावी?

मुलाला काय आणि कसं शिकवायचं हे ठरवणाऱ्या या लेखी योजनेचा मसुदा आधीच मागवून घ्या. चार-पाच जणांसमोर बसून तो नीट वाचून होत नाही. सगळ्यात जास्त लक्ष उद्दिष्टांवर द्या. ‘वाचनात सुधारणा होईल’ एवढंच लिहिलं असेल तर ते मान्य करू नका. आज मिनिटाला किती शब्द वाचतो, वर्षअखेर किती अपेक्षित आहेत, कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळ, हे कागदावर आलंच पाहिजे. तोंडी आश्वासन शिक्षक बदलले की संपतं. टिपणं घ्यायला कुणाला तरी सोबत न्या. मूल कशाने बिथरतं, कशाने सावरतं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, ते बिनधास्त सांगा. आणि सही मागितली तर आधी विचारा, ही हजेरीची की संमतीची? संमतीची असेल तर कागद घरी नेऊन वाचतो म्हणा.