आधी आई दाखवा म्हण

काल रात्री साडेअकराला तुझे चार फोटो आले आणि खाली एकच ओळ, काका यातला कुठला घेऊ. मी चष्मा लावून चारही फोटो नीट बघितले. चारही गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याची पिल्लं, लाल सतरंजीवर बसवलेली, गळ्यात रिबिनी. पण अगं, यांची आई कुठंय?

मग तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. पाच हजार ॲडव्हान्स गेलाय, पप्पा नको म्हणतायत, तो माणूस म्हणतो ताई शेवटचे दोन पीस राहिलेत रविवारपर्यंत सांगा, आणि तुला झोप येत नाहीये कारण त्यातलं एक कोपऱ्यात बसलंय आणि तुला वाटतंय आपण नाही घेतलं तर त्याचं काय होईल. म्हणून हे लिहितोय, फोनवर बोललो असतो तर चिडलो असतो.

कुत्रं पाळायला काय लागतं ते मी तुला सांगत बसणार नाही. आठवीत असताना माझ्या दुकानात येऊन गल्लीतल्या कुत्र्यांसाठी जखमेचा स्प्रे उधारीवर नेणारी पोरगी तू, त्यातलं सगळं तुला माहीत आहे. गावठी घे असंही म्हणत नाही, ते तुला दहा जणांनी सांगून झालं असेल. तुला गोल्डन हवाय तर गोल्डन घे. पण आई बघितल्याशिवाय नाही. मला एवढंच सांगायचंय आणि तेच मी खाली पाच-सहा वेळा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

आमच्या आजोबांबरोबर मी खरसुंडीच्या यात्रेला जायचो, खिलार खोंड घ्यायला. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा, पण त्याआधी अर्धा दिवस नुसतं बघण्यात जायचा. दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं, आणि मालक ओळखीचा निघाला तर आजोबा विचारायचे, याची आई अजून दावणीला आहे का? असली तर मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या गावाला जायचे. खाण तशी माती, म्हणायचे. आणि आपण शिकलेली माणसं फोनवर फोटो बघून पाच हजार पाठवून मोकळी.

आपण म्हणतोय त्यात मी पण आलो, ते आता सांगतो.

२०१४ साली मी स्वतः असंच केलं. बारा वर्षं प्राण्यांच्या औषधांचं दुकान चालवून झाल्यावर. कराडच्या अलीकडे हायवेवर एका ढाब्याजवळ गाडी थांबवायची, तो माणूस पिल्लू घेऊन येणार, असं ठरलं. केळीच्या खोक्यात आणलं होतं, भोकं पाडलेली. काळं लॅब्रॅडोर. तो म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं आहे, मी तोंड उघडून बघितलं तर मागच्या दाढा अजून नीट आलेल्याच नव्हत्या. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे अठ्ठावीस दात बहुतेक आलेले असतात, हे मला माहीत होतं, तरी मी घेतलं कारण माझा मुलगा मागच्या सीटवर बसून त्याला मांडीवर घेऊन बसला होता. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब, सहाव्या दिवशी पहाटे गेलं. पार्वो, कुत्र्यांच्या पिल्लांना मारणारा विषाणू. सलाईन लावलं होतं, सगळं केलं होतं. मुलगा नऊ वर्षांचा होता, तो दोन दिवस जेवला नाही आणि मला विचारत राहिला की बाबा तुमच्याकडे औषधं असतात ना.

म्हणून कुणी चोवीस तासांची गॅरंटी देतो म्हणाला की मला हसू येतं. पार्वो अंगात शिरल्यापासून दिसायला लागेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. ती गॅरंटी विकणाऱ्याची सोय आहे, तुझी नाही.

आणि पुढचं ऐक. त्या माणसाने मला बदली पिल्लू दिलं, फुकट, आणि मी ते घेतलं. पंधरा दिवसांत, त्याच घरात. पार्वोचा विषाणू घरात-अंगणात कित्येक महिने टिकतो, फरशी ब्लीचने धुतली खरी, पण मातीचं काय करणार. ते पिल्लू जगलं ते नशिबानं. तो आमचा बंडू. तुला आठवत असेल, काउंटरखाली झोपायचा आणि उठताना आधी पुढचे पाय टाकायचा आणि मागचं अंग ओढून घ्यायचा. आठव्या महिन्यात लंगडायला लागला, पुण्याला नेऊन एक्स-रे काढला, दोन्ही खुबे उथळ, सांध्यात गोळा नीट बसतच नव्हता. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, या मोठ्या जातींत हे आई-बापाकडून येतं, वजन आणि खाणं नंतर भर घालतं. आई-बापाचे खुब्याचे एक्स-रे काढलेले असतात चांगल्या माणसाकडे, आणि ते कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावर काढलेले. तू विचार त्या तुझ्या माणसाला. तो म्हणेल ताई केसीआय पेपर आहे ना. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद म्हणजे वंशावळ, कुणाच्या पोटी कोण जन्मलं एवढंच. खुबे कसे आहेत ते त्यात लिहिलेलं नसतं. कागद असू दे, चांगलंच आहे, पण कागदानं आई दिसत नाही.

त्याने तुला काय काय पाठवलंय ते मी वाचलं. डबल कोट, हेवी बोन, चॅम्पियन लाइन. अगं कोट म्हणजे अंगावरचे केस, गोल्डनचा कोट डबलच, दोन थरांचा असतो, ते पाणी ओलं आहे म्हणून विकल्यासारखं झालं. त्याच्याच यादीत खाली हस्की, पग, शित्झू, रॉटवायलर, टॉय पॉम, सगळं आहे, "ऑल ब्रीड अव्हेलेबल". एका जातीचं नीट करायला माणसाचं आयुष्य जातं, याच्याकडे चौदा जाती. हा पाळणारा नाही, हा दलाल आहे, आणि दलालाकडे आई नसतेच. आणि जो पिल्लाला पीस म्हणतो त्याच्याशी मी तरी व्यवहार करणार नाही, पण ते माझं झालं.

वय किती म्हणाला? एक महिना. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम काढले, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे पाहिजे, पिल्लाला मायक्रोचिप पाहिजे. मादी दीड वर्षाच्या आत नको, आठ वर्षांनंतर नको, बारा महिन्यांत एकच वेत आणि जन्मभरात पाचच्या वर नाहीत. तरी महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात, का ते सांगू? पाचव्या आठवड्यापासून त्यांचं आईच्या दुधावर भागत नाही, ती खायला लागतात, आणि खाणं म्हणजे खर्च. शिवाय महिन्याचं पिल्लू बाहुलीसारखं दिसतं, दोन महिन्यांचं जरा लांबोडकं. मग सेरेलॅक हातात देऊन पाठवतात. आणि ते मधले चार आठवडे आई आणि भावंडांत राहून पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो. ते तिथं नाही शिकलं तर तुझ्या हातावर शिकेल.

लसीचं कार्ड. आता हे दुकानदार म्हणून सांगतो. माझ्याकडे येऊन नुसती कोरी कार्डं मागणारे लोक आहेत. कार्डावर बाटलीचं स्टिकर पाहिजे, बॅच नंबर पाहिजे, डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आणि त्या डॉक्टरला फोन लावून विचारायची लाज वाटायला नको. तुझा माणूस म्हणतो एका महिन्यात दोन लसी झाल्या, नाइन इन वन, म्हणजे नऊ रोगांची एकत्र लस, ती पण झाली. होत नसते. ती लावायची वेळच सहाव्या-आठव्या आठवड्यात सुरू होते आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी सोळाव्यापर्यंत द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. बघ, इथे पण आई आलीच.

आता तू आई दाखवा म्हणालीस की काय उत्तरं येतील ते आधीच सांगून ठेवतो. आई फार्मवर आहे. आई पार्टनरकडे आहे. आई चावते. किंवा, बाहेरच्या माणसाने इन्फेक्शन येतं म्हणून आत घेत नाही. हे शेवटचं अर्धं खरं आहे, लस न झालेल्या पिल्लांना अनोळखी माणसानं हात लावू नये हे बरोबर. पण चांगला माणूस चपला बाहेर काढायला लावेल, हात धुवायला लावेल, दाराशी उभं करेल आणि दाखवेल. बाप नसेल तिथं, चालतं, मेटिंगला दुसरीकडून आणलेला असतो. आई पाहिजे. आणि काही जण भलतीच कुत्री आणून उभी करतात, तेही सांगतो. पाच-सहा आठवडे पिल्लं पाजलेली मादी जरा उतरलेली असते, केस गळालेले, सड लोंबलेले. चकचकीत, भरलेली, पोट सपाट असलेली मादी समोर आली तर ती आई नव्हे. पिल्लं सोडायला सांग, ती आपोआप कुणाकडे धावतात ते बघ. आणि ती आई तुला बघून कोपऱ्यात थरथरत असेल, मालकानं हात उचलला की दबत असेल, तर पिल्लू कितीही गोड असू दे, परत फिर.

२०१६ मध्ये एका पत्त्यावर कुत्र्यांचं पंधरा पोती फीड पोचवायचं होतं, पोऱ्या आला नव्हता म्हणून मीच गेलो. जुनी पोल्ट्री शेड. दार उघडलं तर तोच, ढाब्यावरचा. आत जाळीवर उभ्या मादी, पंजे पसरलेले, सड जाळीला घासत होते. मी बंडूची आई शोधत होतो. ओळखता येईना, सगळ्याच तशा. मी बिलाचे पैसे मोजून घेतले आणि आलो.

तक्रार केली नाही. तू विचारशील म्हणून सांगतो. तेव्हा ते नियम नव्हते असं मी बरीच वर्षं म्हणत आलो, पण क्रौर्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, तो माझ्या काउंटरमागच्या भिंतीवर फ्रेममध्ये लटकलेला होता. माझं म्हणणं असं होतं की गिऱ्हाइकाच्या घरात काय चाललंय ते बघत बसलो तर दुकान बंद करावं लागेल, आणि मी नाही दिलं तर फीड दुसरा कुणी देणारच, निदान माझ्याकडचं चांगलं तरी आहे, त्या माद्यांच्या पोटात चांगलं जाईल. अजूनही मला यात काहीतरी तथ्य वाटतं. त्याला माल देणं मी दोन वर्षांनी बंद केलं, उधारी थकली म्हणून.

त्यामुळे त्या कोपऱ्यातल्या पिल्लाचं काय होईल, हा जो तुझा प्रश्न आहे ना, तो मला कळतो. तू त्याला घेतलंस तर ते कदाचित वाचेल. आणि त्या पैशात त्याच्या आईचं पुढचं वेत निघेल. तू पिल्लाकडे बघतेयस, मी तुला त्याच्यामागच्या मादीकडे बघायला सांगतोय. फोटोत ती नाहीये म्हणून तिला नाही असं समजू नकोस.

चांगला माणूस कसा ओळखायचा तर तो तुलाच उलटं विचारतो. भाड्याचं घर का, घरमालकाची परवानगी आहे का, दिवसभर घरी कोण, गावाला गेलीस तर कुठं ठेवणार. रागावू नको त्याच्यावर. चार महिने थांब म्हणेल, थांब. नाही जमलं तर कुत्रं मलाच परत आण, कुणाला देऊ नकोस म्हणेल, ते लिहून घे. असा एक जण माझ्या माहितीत आहे, गोल्डनच करतो, वर्षाला एखादं वेत, चार वेळा मला नाही म्हणाला. नंबर देईन, पण आधी हे संपव.

ते पाच हजार गेले समज, पप्पांना मी सांगतो. आणि आत्ता, हे वाचून झालं की त्याला मेसेज कर: रविवारी आई बघायला येते, पत्ता पाठवा. दुसरं काही लिहू नको, वय विचारू नको, भाव करू नको. काय उत्तर येतं त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव, मी जागाच आहे.

काका